टँकरच्या रांगेतला निबंध

माझ्या शाळेतल्या पोरी पोरांपेक्षा चांगलं लिहायच्या. हे मी नोकरीभर छातीठोकपणे सांगत आले, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकानं मला एकच उत्तर दिलं, "पोरी शांत बसतात हो बाई, म्हणून त्यांचं अक्षर वळणदार असतं." असं म्हणणाऱ्याचा मला अजूनही राग येतो. अक्षर वेगळं आणि लिहिणं वेगळं. वळणदार अक्षरात खोटं लिहिता येतं, मी स्वतः कितीतरी वर्षं लिहिलंय. आणि माझ्या पोरी काही शांत बिंत नव्हत्या. भांडायला लागल्या की गावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायच्या. त्या चांगलं का लिहायच्या हे मला एका पोरीनं शिकवलं, तेही मी तिचं वाटोळं करायच्या बेतात असताना. माझा स्वभाव तापट. त्याचे पैलू पुढे दिसतीलच, आधीच सांगून काय उपयोग.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. माझं माहेर लातूरजवळच्या मुरुडचं, त्यामुळे मला तर कोण आनंद. मला वाटायचं, आता आपला जिल्हा, आता कुणाच्या मागं राहायचं नाही, आमच्या शाळा अशा चमकवू की बघत राहतील. मी अहमदपूरच्या बाजूच्या एका लहानशा गावात तिसरी-चौथीला शिकवत होते. चौथीनंतर शाळा नव्हती. पाचवीला जायचं तर तीन कोसांवरच्या मोठ्या गावाला. आणि त्या वर्षी पाऊस असा रुसला की दिवाळीतच विहिरी खडखडीत. मार्चपासून टँकर सुरू झाला. हेडमास्तरांना सरकारनं टंचाईच्या कामाला जुंपलं, ते महिना महिना शाळेत दिसायचे नाहीत. सगळा कारभार माझ्या गळ्यात.

आमच्याकडं निबंध शिकवत नव्हते, पाठ करून घेत होते. मी खडू घेऊन फळ्यावर सोळा ओळी लिहायची, मुलं त्या एका सुरात म्हणायची, आठ दिवसांत पाठ. 'आमचे गाव' हा माझा सगळ्यात आवडता निबंध. 'आमचे गाव नदीकाठी वसलेले आहे. नदीचे निर्मळ पाणी बारमाही खळखळत असते. हिरवीगार शेते वाऱ्यावर डोलतात. गावात सुसज्ज दवाखाना आहे.' आमच्या नदीत तेव्हा शेळ्या बसायच्या आणि दवाखाना तालुक्याला होता. पण निबंध म्हटल्यावर नदी पाहिजेच, दवाखाना पाहिजेच, असं मला वाटायचं. मला ज्यांनी शिकवलं त्यांनाही तसंच वाटायचं. मुलं तो निबंध म्हणायला लागली की रस्त्यानं जाणारी माणसं थांबून ऐकायची, आणि मी पदर सावरत मोठ्या ऐटीत वर्गात फिरायची.

चौथीत नऊ पोरं आणि पाच पोरी. उन्हाळ्यामुळे सकाळची शाळा. पोरं घंटेला हजर. पोरी मात्र नऊ वाजले, साडेनऊ वाजले, तरी पत्ता नाही. टँकरही सकाळीच यायचा, आणि रांग धरायचं काम पोरींचं. पोराच्या डोक्यावर घागर दिसली तर गाव हसायचं. त्यामुळे मी निबंध पाठ करून घेत होते तेव्हा पोरी चावडीपुढच्या हौदाशी. आल्या की मी त्यांना दारात उभं करायची. "आलात का राणीसरकार? अजून जरा उशिरा यायचं होतं, सुटायची घंटा ऐकूनच घरी गेला असतात!" पोरं फिदीफिदी हसायची. एका पोरीला मी सगळ्यांत जास्त बोलायची, कारण ती सगळ्यांत उशिरा यायची. तांबडी रिबीन बांधायची, आणि बोललं तर खाली मान घालायचं सोडून तोंडाकडं बघत राहायची. अशा बघण्यानं माझं डोकं जास्तच तापायचं.

वार्षिक परीक्षा आली. नव्या जिल्ह्याची पहिली प्रश्नपत्रिका. मी पाकीट फोडलं आणि आनंदानं टुणकन उडीच मारायची बाकी राहिली. निबंध, वीस मार्कांना, 'आमचे गाव'. म्हटलं, जिंकलो! नऊच्या नऊ पोरांनी खाली माना घालून नदी वाहवली, शेतं डोलवली, दवाखाना बांधला. पोरींनी काय लिहिलं हे मी तेव्हा बघितलंही नाही.

गुरुवारी तपासायला बसले. पोरांना अठरा, सतरा, अठरा. चार पोरींनी थोडी नदी, थोडं मनाचं अशी खिचडी केली होती, त्यांना काठावर पास केलं. मग तांबड्या रिबिनीवालीचा कागद हातात आला. मी वाचला, आणि तळपायाची आग मस्तकाला गेली. वीसपैकी तीन मार्क दिले. मराठीत नापास. तेवढ्यावर थांबेन तर मी कसली! तडक वर्गात गेले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "नदी सोडून घागरी लिहितेस होय? नापास आहेस तू."

ती नेहमीसारखी तोंडाकडं बघत राहिली. पण सुटीच्या वेळी तिचा बाप शाळेच्या दारात. काटक माणूस, थोडी कोरडवाहू जमीन, त्या वर्षी बायकोसकट खडी फोडायच्या कामावर.

"बाई, पोरगी नापास हाय म्हनं?"

"निकाल महाराष्ट्र दिनाला लागतो."

"ते हाय. पर नापास हाय का न्हाई?"

"आहे."

त्यानं हातावरची खडीची धूळ झटकली. मग म्हणाला, "पास झाली तर पाचवीला घालतो म्हनून तिच्या मायला शबूद दिलता. आता न्हाई. थोरलीला तिकडं नांदेडकडं बिलोलीला दिलीय, तिचं बाळतपण आलंय. सोमवारी पोरीचा मामा यिऊन राहिला, त्याच्यासंगं लावून देतो. तितं तरी कामाला यील."

बिलोलीला एकदा गेली की शाळा संपली, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. मी काय म्हणाले असेन? "तुमची मर्जी." एवढंच. माझी मलाच आज लाज वाटते.

शुक्रवारी पेपरांचा गठ्ठा घेऊन पंचायत समितीत गेले. विस्तार अधिकारी नमुन्याला म्हणून काही पेपर बघायचे. पोरांचे वर ठेवले होते, पोरींचे खाली. साहेबांचे डोळे लाल, अंगावर धूळ, महिनाभर तेही टँकरच्याच कामावर. त्यांनी पहिला पेपर वाचला, दुसरा वाचला, तिसऱ्याला चष्मा काढून हातात घेतला.

"बाई, तुमच्या नदीला बारमाही पाणी आहे?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"नाही, तसं असेल तर सांगा. तहसीलदारांना हे दाखवतो. तुमच्या गावाचा टँकर बंद करून दुसऱ्या गावाला देता येईल. एवढ्या साक्षीदारांनी लिहून दिलंय!" शेजारच्या टेबलावरचा कारकून खो खो हसला. साहेब हसले नाहीत. चौथा पेपर उघडून त्यांनी परत मिटला आणि म्हणाले, "या गठ्ठ्यात तुमच्या गावातलं एक तरी मूल आहे का हो?"

होतं. गठ्ठ्याच्या तळाशी होतं. पण मी तो कागद वर काढला नाही. साहेबांनी गठ्ठा माझ्यापुढं सरकवला, "पुन्हा तपासून आणा," म्हणाले, आणि कुणीतरी टँकरचा डिझेलचा कागद पुढं केला त्यावर सही करायला लागले.

परतीच्या एसटीत मागच्या बाकड्यावर बसून मी तो कागद परत काढला. इतक्या वेळा वाचलाय की अजून तोंडपाठ आहे:

'आमच्या गावाला टँकर येतो. तो कधी येतो ते कुणाला माहीत नसते म्हणून आम्ही उजाडताना घागरी ठेवतो. नुसती घागर ठेवून चालत नाही, माणूस लागते. नाहीतर घागर मागे सरकवतात. काल माझी दोनदा सरकवली. टँकर आला की पाइप कोण धरणार यावर भांडण होते. पाइप धरणाऱ्याचे पाय भिजतात म्हणून सगळ्यांना तो धरावा वाटतो. म्हाताऱ्या बाया हौदाच्या सावलीला बसतात. सावली सरकली की त्या पण सरकतात. मी दोन घागरी आणते. एक आमची आणि एक बाईंची. बाईंची घागर पितळेची आहे, ती रिकामीच जड असते. मग मला उशीर होतो आणि बाई मला दारात उभे करतात. गावाला नदी आहे पण मी तिच्यात पाणी बघितलेले नाही. आमचे गाव चांगले आहे.'

तर तीन मार्क मी कशाला दिले होते, ते आता कबूल करते. पाठ केला नाही म्हणून नाही. त्या पितळेच्या घागरीसाठी दिले होते. शाळेच्या बाईचं पाणी पोरींनी भरायचं ही गावची रीत. मी राहायला आले त्या दिवसापासून घागर दारात भरलेली असायची. कोण भरतं, कधी भरतं, मी कधी विचारलं नाही. आदल्या दिवशीच्या त्याच पाण्यानं तोंड धुऊन मी शाळेत जायची आणि उशीर का झाला म्हणून तिलाच फैलावर घ्यायची! माझं हे रूप एका दहा वर्षांच्या पोरीनं बघितलं होतं आणि शाईनं लिहून ठेवलं होतं. रागही असा की, एक शब्द खोटा असता तरी मला बरं वाटलं असतं.

शनिवारी मी वर्गात फळा कोरा ठेवला आणि म्हणाले, "आज उठल्यापासून शाळेत येईपर्यंत काय काय झालं ते लिहा." पोरं एकमेकांकडं बघायला लागली. त्यात एक मोठा बोलघेवडा होता, बाजारातल्या बैलाचं वर्णन असं करायचा की बैल डोळ्यांपुढं उभा राहावा. तोही पेन्सिलीचं टोक चावत म्हणाला, "बाई, फळ्यावर द्या की. म्या पाठ करतो." मला गलबलून आलं. काय चुकलं होतं त्या लेकरांचं? ती रोज वेळेवर आली होती, मन लावून शिकली होती, म्हणून माझा निबंध त्यांच्या वाट्याला आला होता. पोरी वाचल्या होत्या.

पोरी लिहीत होत्या. चौघीच, तांबड्या रिबिनीवालीला बापानं घरी ठेवलेलं. त्या चौघींनी पान उलटलं तेव्हा मी एकीला विचारलं, "तुम्हाला हे कुणी शिकवलं गं?"

"रांगेत लिहावं लागतंय की बाई."

"रांगेत? काय लिहिता?"

मग कळलं. रांगेत रोज मारामारी. कोण आधी आलं, कोण उठून गेलं, कुणाची घागर कुणी सरकवली. शेवटी बायांनीच ठरवलं, लिहून ठेवायचं. बायांना लिहिता येत नाही, पोरं तिथं नाहीत, मग उरल्या चौथीच्या पोरी. तांबड्या रिबिनीवाली पाटीवर सगळं लिहायची, आणि भांडण झालं की बाया म्हणायच्या, वाच गं. ती वाचायची. एक शब्द इकडचा तिकडं झाला तर दहा जणी अंगावर यायच्या. पुसून परत लिही म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी दुसरी पोरगी लिहायची. असं दीड महिना चाललं होतं, माझ्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर, आणि मला पत्ता नव्हता. मी पंधरा वर्षं मास्तरकी करून जे शिकवलं नाही ते त्या बायांनी रांगेत बसून शिकवलं. माझ्या निबंधाला कधी कुणी विचारलं होतं का, की बाई, हे खरं हाय का?

रविवारी तिच्या घरी गेले. बाप बाजेवर बसला होता, पोरगी आतल्या दाराशी. मी म्हणाले, "माझी चूक झाली. पोरगी पास आहे. अठरा मार्क आहेत तिला."

बापानं हात जोडले, पण हसला नाही. "बाई, परवा नापास म्हनलात चारचौघांत. आज पास म्हनता घरात यिऊन. लोकं काय म्हनतील? पोरीनं बाईचं पाणी भरलं, बाईनं पास केली. माझी इज्जत हाय का न्हाई? असं मेहेरबानीचं पास आमाला नगं."

खरं होतं त्याचं. मामा दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता.

सोमवारी उजाडताच मी हौदावर गेले. बाया बघतच राहिल्या, कारण बाई कधी रांगेकडं फिरकलेली नव्हती. बापाला निरोप धाडला होता, तो खडीच्या कामाला जाता जाता लेकीला घेऊन थांबला होता. टँकर यायचा होता. मी पिशवीतून कागद काढला आणि म्हणाले, "परीक्षेत हिनं हे लिहिलंय. मी हिला नापास केलं होतं. वाचते, तुम्ही सांगा."

वाचायला लागले. पहिल्या ओळीला कुणी लक्ष दिलं नाही. घागर सरकवल्याचं आलं तशी एक जण उसळली, "दोनदा न्हाई, येकदाच सरकवली म्या!" शेजारची म्हणाली, "दोनदा! पाटीवर हाय!" गलका झाला. पोरगी बापाच्या मागून पुढं आली आणि खणखणीत म्हणाली, "येकदा तुमी, येकदा तुमच्या सुनंनं." सून खाली बघून हसायला लागली, मग सगळ्याच हसल्या. पाय भिजण्याचं वाचलं तशी एक पोरसवदा बाई लाजून लाल. सावलीचं वाचलं, तेव्हा सावलीतल्या म्हाताऱ्या एकमेकींकडं बघत म्हणाल्या, "हाव गं माय, अगदी असंच." माझ्या सोळा ओळींना असं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

पितळेची घागर आली. मी तो कागद तिथंच मिटू शकत होते. पण वाचलं, दारात उभं केल्यापर्यंत सगळं वाचलं. बाया माझ्याकडं आणि पोरीकडं आळीपाळीनं बघायला लागल्या.

बाप म्हणाला, "बाई, ह्ये खरं हाय?"

"खरं आहे."

"मंग नापास कामून केलती?"

"मला राग आला म्हणून."

त्यानं डोक्याचा रुमाल काढला, झटकला, परत बांधला. सावलीतली एक म्हातारी त्याच्यावर खेकसली, "अरं बगतो काय येड्यावानी? येवडी हुशार पोर बाळतपणाच्या बाजंपाशी बशिवतो व्हय?" त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघत म्हणाला, "दाखला आजच लिवा बाई. उद्या माजं डोकं फिरंल, न्हाईतर तुमचं फिरंल. मामाला म्या सांगतो." आणि वर म्हणाला, "त्यो कागूदबी द्या. तिकडच्या मास्तरला दावतो."

अभिमान अभिमान म्हणतात तो काय असतो हे मला त्या क्षणी कळलं. माझं कर्तृत्व त्यात काडीचं नव्हतं, तरी ही माझ्या वर्गातली आहे, माझ्या जिल्ह्यातली आहे, असं ओरडून सांगावंसं वाटलं.

पण उत्तरपत्रिका शाळेच्या दप्तरात ठेवावी लागते, देता येत नाही. मी तसं सांगितलं. बाप हिरमुसला. पोरगी म्हणाली, "मग म्या उतरून घेते की." माझ्या पिशवीतली वही घेऊन ती हौदाच्या कट्ट्यावर बसली. कागद वाऱ्यानं उडू नये म्हणून मी तो दोन्ही हातांनी धरून तिच्यापुढं उकिडवी बसले. ती लिहीत होती, बाया वाकून बघत होत्या. टँकरचा आवाज आला तरी कुणी हललं नाही. निम्म्याच्या पुढं, पितळेच्या घागरीपाशी आल्यावर तिचा हात थांबला. नेहमीसारखं सरळ माझ्या तोंडाकडं बघितलं.

"बाई, तुमची वळ ठिवू का गाळू?"

"ठेव," मी म्हणाले. "एक शब्द गाळू नको."